लेपित भिंगांची कड घासताना होणारी घसर : कारणे व प्रतिबंध

चष्म्याचे भिंग कारखान्यातून येते तेव्हा ते गोल असते व त्याचा व्यास बहुधा ६५ ते ७५ मि.मी. असतो. ते फ्रेममध्ये बसावे म्हणून त्याची कड हिऱ्याचे कण बसविलेल्या चाकावर घासून त्याला फ्रेमचा आकार द्यावा लागतो. व्यवसायात ह्या क्रियेला एजिंग म्हणतात. घासताना भिंग पक्के धरून ठेवण्यासाठी त्याच्या पुढच्या, म्हणजे बहिर्वक्र, पृष्ठावर दोन्ही बाजूंनी चिकट असलेले एक पॅड लावतात आणि त्यावर ब्लॉक बसवितात. ब्लॉक यंत्राच्या आसात अडकतो. मागच्या पृष्ठावर रबराची टोपी येऊन टेकते. आणि ह्या दोहोंच्या पकडीत भिंग सावकाश फिरत राहून चाकावर घासले जाते.

साध्या, लेपरहित भिंगाच्या बाबतीत ही व्यवस्था पुरेशी असते. परंतु परावर्तनरोधी लेपावर पाणी व तेल न टिकू देणारा अखेरचा थर चढविलेला असेल, तर तेच पॅड, तोच दाब आणि तोच कारागीर असूनही भिंग ब्लॉकखाली काही अंशांनी फिरते. ह्या दोषाला येथे ‘घसर’ असे म्हटले आहे. तिची कारणमीमांसा करणे व त्या मीमांसेतून प्रतिबंधाचे उपाय क्रमाने काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय कार्यशाळेतला दिसत असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न पृष्ठभौतिकीचा आहे. आणि ह्या विषयाशी कोल्हापूरचा संबंध जवळचा आहे.

१. दोष दिसत का नाही

घसरीचे पहिले वैशिष्ट्य असे की, ती सहसा डोळ्यांना दिसत नाही. फ्रेमचा आकार यंत्र ब्लॉकच्या संदर्भाने कापते. घासण्याच्या आरंभी, म्हणजे भिंग अद्याप मोठे असताना, ते ब्लॉकखाली ४° फिरले आणि मग स्थिर राहिले, तर पुढचे सर्व कापणे बिनचूक होते. तयार भिंग फ्रेममध्ये उत्तम बसते, कड स्वच्छ असते, फट राहत नाही. चुकलेला असतो तो केवळ अक्ष. आणि तो लेन्सोमीटरखाली ठेवल्याशिवाय कळत नाही.

ज्याला केवळ गोलीय नंबर आहे त्याला ह्या चुकीची झळ बहुधा लागत नाही. परंतु दृष्टिवैषम्यासाठी सिलिंडर नंबर दिलेला असेल, तर अक्ष चुकल्याने एक नवा, नको असलेला सिलिंडर नंबर निर्माण होतो. त्याचे मान असे काढता येते :

उरलेला सिलिंडर = २ × मूळ सिलिंडर × (चुकीच्या कोनाची ज्या)

मूळ सिलिंडर २.०० डायॉप्टर असेल, तर २° चुकीने ०.१४, ५° चुकीने ०.३५ व १०° चुकीने ०.६९ डायॉप्टर इतका सिलिंडर उरतो. चूक ३०° झाली, तर उरलेला सिलिंडर मूळ सिलिंडरइतकाच होतो, म्हणजे चष्म्याचा सिलिंडर असून नसल्यासारखा. अमेरिकन मानकात १.५० डायॉप्टरपेक्षा अधिक सिलिंडरसाठी अक्षाची चूक २° पर्यंतच क्षम्य मानली आहे, त्याचे कारण ह्या आकड्यांवरून स्पष्ट होईल. बहुकेंद्री भिंगांत, विशेषतः वरून खाली नंबर क्रमाने बदलत जाणाऱ्या प्रोग्रेसिव्ह भिंगांत, वाचनाचा भाग आडवा सरकतो हा आणखी एक तोटा होय.

चष्मा वापरणारा मनुष्य ह्या गोष्टी जाणत नाही. त्याला डोके जड वाटते, पायरी तिरपी भासते, दुकानात जाऊन विचारावे तर ‘सवय होईल’ असे उत्तर मिळते. चंदगडहून किंवा आजऱ्याहून कोल्हापूरला आलेल्या माणसाचा दुसऱ्या फेरीचा दिवस व खर्च वाया जातो, किंवा तो चष्मा पेटीत पडून राहतो. भिंगाच्या बाजूने पाहिले तरी नुकसान भरून येण्याजोगे नसते. घासून लहान केलेले भिंग पुन्हा मोठे होत नाही.

२. घसरीचे मूळ : पृष्ठऊर्जा

परावर्तनरोधी लेपाची कल्पना १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला ह्यांनी प्रत्यक्षात आणली. सी.आर.-३९ ह्या नेहमीच्या प्लॅस्टिक भिंगाचा वक्रीभवनांक १.४९८ असल्याने त्याच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, १.६७ वक्रीभवनांकाच्या भिंगात हे प्रमाण ६ टक्क्यांहून अधिक असते. हा प्रकाश वाचविण्यासाठी भिंगावर ऑक्साइडांचे अनेक पातळ थर निर्वातात चढवितात. त्यांची एकूण जाडी एका मायक्रॉनहून कमी असते. मात्र अशा पृष्ठावर बोटांचे ठसे व तेलकट डाग फार उठून दिसतात. म्हणून सर्वांत वर फ्लोरीनयुक्त सिलेनचा काही नॅनोमीटर जाडीचा थर देतात. त्याच्या रेणूचे एक टोक ऑक्साइडाशी रासायनिक बंधाने जखडलेले असते आणि फ्लोरीनने वेढलेली कार्बनी साखळी बाहेर, हवेकडे, तोंड करून असते.

अशी साखळी पृष्ठावर आली म्हणजे काय घडते हे विल्यम झिस्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात मोजून दाखविले. कोणत्या पृष्ठताणाचा द्रव एखाद्या पृष्ठावर पूर्णपणे पसरेल ह्याची मर्यादा, म्हणजे क्रांतिक पृष्ठताण, त्यांनी निरनिराळ्या पृष्ठांसाठी ठरविली. पॉलिएथिलिनासाठी ती ३१ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे, टेफ्लॉनसाठी सुमारे १८, आणि तीन फ्लोरीन अणू असलेली टोके दाटीने उभी केलेल्या पृष्ठासाठी अवघी ६. भिंगावरील थर ह्याच कुळातला आहे.

पाण्याचा थेंब अशा भिंगावर ११०° च्या आसपास स्पर्शकोन करतो. टॉमस यंग ह्यांनी १८०५ मध्ये मांडलेला स्पर्शकोनाचा विचार व द्युप्रे ह्यांनी १८६९ मध्ये दिलेली आसंजनाच्या कार्याची व्याख्या एकत्र केली, म्हणजे पुढील समीकरण मिळते :

आसंजनाचे कार्य = द्रवाचा पृष्ठताण × (१ + स्पर्शकोनाची कोज्या)

पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर धरला, तर २०° स्पर्शकोन असलेल्या स्वच्छ ऑक्साइड पृष्ठासाठी हे कार्य सुमारे १४१ मिलिजूल प्रति चौरस मीटर येते आणि ११०° स्पर्शकोनासाठी सुमारे ४८. म्हणजे पृष्ठाची धरून ठेवण्याची शक्ती एक-तृतीयांशावर येते. पॅडवरील गोंद हा पाणी नव्हे. परंतु तोही एक अतिशय घट्ट द्रवच आहे, व पृष्ठाला भिजविल्याशिवाय त्याला चिकटता येत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिकट जोडाचे प्रत्यक्ष बळ वरील कार्याच्या अनेक पट असते, कारण जोड तुटताना गोंद ताणला जाऊन त्यात पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. परंतु गोंद ताणला जाण्यासाठी तो आधी पृष्ठाला धरून राहिला पाहिजे. मूळचे आसंजन कमी झाले की गोंद ताणला जाण्यापूर्वीच सुटतो आणि ती ऊर्जाही खर्च होत नाही. म्हणून पृष्ठऊर्जेतील घट जोडाच्या बळात प्रमाणाबाहेर वाढून दिसते.

थोडक्यात, ज्या गुणासाठी ग्राहक जादा पैसे मोजतो तोच गुण कार्यशाळेत घसरीचे कारण ठरतो. लेप जितका उत्तम, तितकी घसर अधिक.

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील विद्यार्थ्यांना हा विषय अपरिचित नाही. येथील ‘एअर ग्लास’ प्रयोगशाळेत डॉ. ए. वेंकटेश्वर राव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिथिलट्रायमिथॉक्सिसिलेनासारख्या द्रव्यांपासून जलविरोधी सिलिका एरोजेले व लेप तयार केले आणि त्यांवर पाण्याचे १५०° हून अधिक स्पर्शकोन मोजले. सिलेनाच्या साह्याने काचेसारख्या पृष्ठाचा स्वभाव पालटणे हे तत्त्व तेथेही तेच आहे. भेद इतकाच की, १५०° गाठण्यासाठी रासायनिक बदलाबरोबर पृष्ठाचा सूक्ष्म खडबडीतपणाही लागतो. चष्म्याच्या भिंगाला तसा खडबडीतपणा चालत नाही, कारण त्याने प्रकाश विखुरतो. गुळगुळीत पृष्ठावर केवळ रसायनाच्या बळावर जितके साधते तितक्यावरच, म्हणजे ११०° ते १२०° वर, भिंगाला थांबावे लागते.

३. घसरीचे यंत्रशास्त्र

जोड किती दुबळा आहे हे पाहिले. आता त्यावर किती भार येतो ते पाहू. चाक भिंगाच्या कडेवर स्पर्शरेषेच्या दिशेने बल लावते. हे बल गुणिले कडेचे मध्यापासूनचे अंतर म्हणजे भिंगाला फिरवू पाहणारे परिबल. बल समजा १० न्यूटन आहे व भिंगाची त्रिज्या ३५ मि.मी. आहे, तर परिबल ०.३५ न्यूटन-मीटर होते. भिंग घासून २२ मि.मी. त्रिज्येवर आले की तेवढ्याच बलाने परिबल ०.२२ वर उतरते. म्हणजे धोक्याची वेळ आरंभाची असते.

हे परिबल पॅडच्या जोडाने तोलावयाचे असते. पॅड गोल धरले व जोडातील कर्तन-प्रतिबल सर्वत्र सारखे मानले, तर जोडाचे कमाल परिबल असे मिळते :

कमाल परिबल = (२/३) × पाय × प्रतिबल × (पॅडच्या त्रिज्येचा घन)

पॅडची त्रिज्या ११ मि.मी. असेल, तर वरील ०.३५ न्यूटन-मीटर तोलण्यास जोडात सुमारे ०.१३ न्यूटन प्रति चौरस मि.मी. प्रतिबल लागते. अरुंद फ्रेमसाठी ९ मि.मी. त्रिज्येचे पॅड घेतले, तर तेच ०.२३ होते. त्रिज्या २ मि.मी. कमी केल्याने जोडावरील ताण सुमारे १.८ पट वाढला, हा त्रिज्येच्या घनाचा परिणाम होय. येथे धरलेली बले उदाहरणादाखल आहेत; गुणोत्तरे मात्र बलावर अवलंबून नाहीत.

गोंद हा श्यान-स्थितिस्थापक पदार्थ असल्याने घसर दोन प्रकारे होऊ शकते. कधी जोड एकाएकी सुटतो. कधी तो भाराखाली सावकाश सरकत राहतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान असते : चाक भिंगाला सामान्यतः एकाच दिशेने ओढते, म्हणून घसरही एकाच दिशेची असते. ह्यावरून निदानाचा एक सोपा नियम मिळतो. अक्षाच्या चुका सतत एकाच दिशेच्या येत असतील, तर घसरीचा संशय घ्यावा. त्या कधी इकडे, कधी तिकडे अशा विखुरलेल्या असतील, तर दोष खुणा करण्यात किंवा ब्लॉक लावण्यात आहे. त्या नेमक्या तितक्याच अंशांच्या असतील, तर खुणा करण्याचे किंवा ब्लॉक लावण्याचे साधनच वाकडे बसले असावे. प्रत्येक चूक चिन्हासह वहीत नोंदविल्याशिवाय हा भेद कळत नाही.

४. चुकीचा उपाय : अधिक दाब

घसर दिसताच पकडीचा दाब वाढविण्याकडे साहजिकच कल होतो. थोडा दाब आवश्यक आहे हे खरे. मागच्या रबरी टोपीचे घर्षण दाबावरच अवलंबून असते. परंतु मागचे पृष्ठही त्याच थराने लेपिलेले असल्याने दाब वाढवूनही तेथील पकड अपेक्षेइतकी वाढत नाही. उलट उणे नंबरचे भिंग मध्यभागी १ ते २ मि.मी. इतके पातळ असते. दाबाखाली ते वाकते. प्लॅस्टिक ते वाकणे सहन करते, परंतु त्यावरील ठिसूळ ऑक्साइडांचे थर सहन करीत नाहीत आणि त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. शिवाय ब्लॉकची वक्रता भिंगाच्या वक्रतेशी जुळत नसेल, तर दाबाने सपाट झालेले भिंग पूर्वपदावर येताना पॅडची कड उचलते व थंड ठेवण्यासाठी सोडलेले पाणी त्या फटीत शिरते. दाबाने कर्तनाचा प्रश्न सुटत नाही. एका दोषाच्या जागी दोन होतात.

५. खरा उपाय : जोडाची जागा बदलणे

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या कोणालाही ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. घामाने किंवा तेलाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड बसत नाही, तेव्हा मल्ल अधिक जोराने आवळीत बसत नाही. तो मूठभर माती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला लावतो. १९१२ मध्ये बांधल्या गेलेल्या खासबाग मैदानात हे दृश्य नित्याचे आहे. हात मातीला धरतो, माती अंगाला धरते, आणि कुस्ती संपल्यावर ती धुऊन टाकता येते. भिंगाच्या बाबतीतही निसरड्या थराशी झगडण्यापेक्षा त्याच्यावर दुसरे, धरण्याजोगे पृष्ठ तात्पुरते उभे करणे हाच मार्ग आहे. त्याच्या दोन रीती प्रचारात आहेत.

पहिली रीत भिंग बनविणाऱ्याच्या हातची आहे. फ्लोरीनयुक्त थर दिल्यानंतर त्याच निर्वातपात्रात त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडासारख्या द्रव्याचा अतिशय पातळ तात्पुरता थर देतात. ह्या शतकाच्या आरंभी नोंदविलेल्या एकस्वांत (पेटंटांत) भिंगाची पृष्ठऊर्जा निदान १५ मिलिजूल प्रति चौरस मीटर होईल असा हा थर असावा, असे म्हटले आहे. कड घासून झाल्यावर तो फडक्याने पुसून टाकता येतो. ह्या थराची ओळख सोपी आहे : त्यावर खुणेच्या पेनाची शाई टिकते, उघड्या फ्लोरीनयुक्त थरावर ती गोळा होऊन थेंब बनते.

दुसरी रीत कार्यशाळेची आहे. तात्पुरता थर नसेल, किंवा तो पुसला गेला असेल, तर निसरड्या पृष्ठासाठी मुद्दाम बनविलेली पातळ चिकट चकती भिंगाच्या दोन्ही पृष्ठांवर लावतात व तिच्यावर नेहमीचे पॅड बसवितात. चकतीचा गोंद कमी पृष्ठऊर्जेच्या पृष्ठालाही भिजवील असा निवडलेला असतो. शिवाय ती पॅडपेक्षा मोठी असल्याने त्रिज्येच्या घनाचा नियम येथे साह्यास येतो. ११ ऐवजी १५ मि.मी. त्रिज्या घेतली, तर हिशेबाने जोड २.५ पट बळकट होतो. प्रत्यक्षात तेवढा लाभ मिळत नाही, कारण चकतीचा पातळ पापुद्रा थोडा ताणला जातो व भार पॅडच्या परिघाजवळ एकवटतो. तरीही फरक निर्णायक असतो.

६. कामाचा क्रम

वरील विवेचनावरून कार्यशाळेत पाळावयाचा क्रम असा ठरतो.

(१) प्रथम भिंगाच्या कडेजवळ, जो भाग घासून जाणार आहे तेथे, शाईची बारीक रेघ ओढून पाहावी. शाई टिकली तर तात्पुरता थर आहे असे समजावे व भिंग पुसू किंवा धुऊ नये. शाई गोळा झाली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलाने पृष्ठ स्वच्छ करून कोरडे करावे व दोन्ही बाजूंस चकती लावावी. हे दोन नियम परस्परविरुद्ध आहेत. म्हणून चाचणीआधी फडके हाती घेण्याची सवय मोडणे महत्त्वाचे आहे.

(२) फ्रेममध्ये मावेल तेवढे मोठे पॅड घ्यावे व ब्लॉकची वक्रता भिंगाशी जुळती घ्यावी. पॅडच्या चिकट बाजूस बोट लावू नये. एकदा वापरलेले पॅड लेपित भिंगास पुन्हा वापरू नये. पावसाळ्यात पॅडची पाकिटे बंद ठेवावीत.

(३) ब्लॉक सर्व बाजूंनी सारखा दाबावा व गोंदास पृष्ठ भिजविण्यास थोडा अवधी द्यावा. लावल्याबरोबर यंत्रात घालण्याची घाई करू नये.

(४) निवडीस वाव असेल तेथे लहान व्यासाचे भिंग मागवावे. ७० ऐवजी ६५ मि.मी. व्यासाने आरंभीचे परिबल ७ टक्क्यांनी कमी होते व कापण्याचे द्रव्यही घटते.

(५) यंत्रात निसरड्या भिंगांसाठी मंद गतीचा क्रम असल्यास तो वापरावा. एका फेऱ्यात कमी द्रव्य कापले म्हणजे स्पर्शरेषेतील बल कमी होते. बोथट झालेले किंवा प्लॅस्टिकाच्या कणांनी बुजलेले चाक हे बल वाढविते. म्हणून चाकाला वेळच्या वेळी धार द्यावी.

(६) घासणे झाल्यावर, ब्लॉक काढण्यापूर्वी, ब्लॉकच्या व भिंगाच्या खुणा जुळतात का ते पाहावे आणि ब्लॉक काढल्यावर लेन्सोमीटरवर अक्ष मोजून चिन्हासह नोंदवावा. अक्ष तपासल्याशिवाय भिंग फ्रेममध्ये घालू नये. सर्वांत शेवटी तात्पुरता थर पुसावा.

७. पुढील प्रयोग

ह्या विषयातील एक प्रश्न पदव्युत्तर प्रयोगशाळेत अल्प साधनांनी तपासता येण्याजोगा आहे. ब्लॉक पक्का बसवून भिंगाला एक तरफ जोडावी, तिच्या टोकाला ठरावीक वजन टांगावे व तरफेवरील आरशातून पडणाऱ्या प्रकाशकिरणाच्या साह्याने भिंगाचे फिरणे कालानुसार मोजावे. उघडा ऑक्साइड थर, फ्लोरीनयुक्त थर, तात्पुरता थर व चकती अशी चार पृष्ठे घेऊन प्रत्येकाचा स्पर्शकोन आधी मोजावा. पॅडची त्रिज्या बदलून घनाचा नियम कोठवर टिकतो हे पाहता येईल, आणि जोड सुटण्यापूर्वीचे सावकाश सरकणे किती वेळात २° ओलांडते तेही कळेल. स्पर्शकोन मोजण्याची साधने येथे आहेत. बाकी लागते ती तरफ, वजने व टाकाऊ भिंगे.

अशा मोजमापांचा उपयोग कागदापुरता राहणार नाही. शहरातल्या कोणत्याही लहान कार्यशाळेत भिंगाची किंमत व कारागिराचा वेळ हे दोन्ही मोजूनमापून असतात. तेथे प्रत्येक भिंगावर चकती लावणे परवडत नाही आणि न लावणे धोक्याचे ठरते. कोणत्या स्पर्शकोनाच्या पुढे, कोणत्या त्रिज्येच्या पॅडला, कोणत्या व्यासाच्या भिंगासाठी चकती अपरिहार्य आहे, हे सांगणारे एक साधे कोष्टक यंत्राशेजारी भिंतीवर लावता आले, तर हा निर्णय अंदाजाने घेण्याचे कारण उरणार नाही.